पाऊस, नेब्बिओलो आणि तोरिनोचा एक माणूस

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी व्हर्जिनियातल्या बार्बर्सव्हिल व्हिनयार्ड्सच्या लुका पास्किना या इटालियन वाइनमेकरचं नाव घेतलं होतं. १९९० मध्ये आलेला हा माणूस तीस वर्षांहून जास्त काळ एकाच बागेत राहिला, एवढीच ती ओळ. बाकीचं उत्तर बाटली आडवी ठेवावी की उभी, याबद्दल होतं. पण पत्रं आली ती त्या एका ओळीवर, निफाडपासून अकलूजपर्यंत आणि तासगावपासून कोथरूडपर्यंत. म्हणून या वेळचं सदर त्यांनाच देते. नव्या वाचकांसाठी सांगते : मी दिंडोरी तालुक्यातल्या बागायतदाराची मुलगी. नोकरी मध्य व्हर्जिनियात, पिकांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत झाली. आता निवृत्त आहे. वाइन पिते, पण द्राक्षाचं पान उलटं करून बघायला मला त्याहून जास्त आवडतं.

प्रश्न : ताई, आमची मुलगी शार्लट्सव्हिलला शिकते. तिच्याकडे गेलो असताना ती आम्हाला बार्बर्सव्हिलला घेऊन गेली. एका जुन्या वाड्याच्या जळक्या भिंती, समोर द्राक्षबाग, आत इटालियन जेवण. हे सगळं तिथे आलं कसं? आणि त्या इटालियन माणसाला घरी द्राक्षं कमी होती का? — एक वाचक, कोथरूड, पुणे

घरी द्राक्षं रग्गड होती, हीच तर अडचण. लुका तोरिनोचा, आणि तोरिनो ही इटलीतल्या पिएमोंते प्रांताची राजधानी. त्याच प्रांतात लांगेच्या टेकड्यांवर बारोलो आणि बार्बारेस्को या नावाजलेल्या लाल वाइन होतात. कुठल्या उतारावर काय लावायचं ते तिथे पणजोबांनी ठरवून ठेवलंय. बाटलीवर बारोलो लिहायचं तर आत फक्त नेब्बिओलो हेच द्राक्ष हवं, आणि ती किती महिने मुरवायची हेही कायद्याने बांधलेलं. तरुण माणसाच्या हाती उरतं काय, तर घडी न विस्कटणं. व्हर्जिनियात विस्कटायला घडीच नव्हती.

मात्र इटालियन माणसाने व्हर्जिनियात द्राक्षं लावण्याची ही पहिली वेळ नव्हती. १७७३ साली फिलिप्पो मात्सेई नावाचा तोस्कानाचा गृहस्थ आपल्याकडचे मजूर आणि वेलींची रोपं घेऊन इथे उतरला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या टॉमस जेफरसनने त्याला आपल्या माँटिचेलो या इस्टेटीच्या शेजारची जमीन दिली आणि दोघांनी मिळून युरोपसारखी वाइन करायचा घाट घातला. १७७४ च्या मे महिन्यात कडाक्याचं दहिवर पडलं आणि कोवळे फुटवे करपले. त्यातून सावरलेली बाग पुढे एका जर्मन सेनापतीने उजाड केली. अमेरिकनांनी युद्धकैदी म्हणून धरलेला हा जनरल रीडेझेल मात्सेईच्या घरात भाड्याने राहिला होता. तीन-चार वर्षांची मेहनत त्याच्या घोड्यांनी आठवड्याभरात तुडवली, असं जेफरसनने लिहून ठेवलंय. जेफरसन पुढेही आयुष्यभर वेली लावत राहिला आणि स्वतःच्या द्राक्षांची धड वाइन त्याला काही मिळाली नाही.

त्याचं काय चुकलं, हे आज निफाडचा कुठलाही शेतकरी सांगेल. युरोपची वेल आपल्याच मुळांवर लावली होती. अमेरिकेच्या मातीतल्या फिलॉक्सेरा किडीने मुळं खाल्ली. वर केवडा, भुरी आणि काळी कूज. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण निघालं १८८० च्या दशकात, म्हणजे जेफरसन गेल्यानंतर साठेक वर्षांनी. औषध नाही, कलम नाही. बाग टिकणार कशी?

तुम्ही पाहिलेल्या भिंती जेम्स बार्बरच्या वाड्याच्या. हा जेफरसनचा मित्र, व्हर्जिनियाचा गव्हर्नर होता. वाड्याचा आराखडा जेफरसननेच काढून दिला होता. मधोमध अष्टकोनी दिवाणखाना. १८८४ च्या नाताळच्या दिवशी वाडा जळाला आणि भिंती उभ्या राहिल्या त्या आजतागायत. लग्नाचे फोटो काढायला तिथे रांग असते. हा वाडा आणि ती शेती गुलामांच्या कष्टावर उभी होती, हे फोटो काढणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं. तेवढ्यासाठी हे वाक्य.

१९७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं होत असताना, इटलीतल्या गांबेल्लाराच्या झोनीन या मोठ्या वाइन घराण्यातल्या जान्नी झोनीनने ही जागा विकत घेतली. तेव्हा तिथे मेंढ्या चरत होत्या. त्याने बोलावून घेतलं गाब्रिएले राउसेला. हा व्हेनेतोचा शेतीतज्ज्ञ. राज्यातल्या जाणत्यांचा सल्ला होता की युरोपची जात इथे लावू नका, लावायचंच असेल तर संकरित वाण लावा. राउसेने ऐकलं नाही. अमेरिकन खुंटावर, म्हणजे तिथल्या वेलीच्या मुळांवर, युरोपच्या काड्यांची कलमं बांधली, स्वतःची बाग तर लावलीच, शिवाय नर्सरी काढून आजूबाजूच्या शेतकऱ्यांना रोपं पुरवली. आज व्हर्जिनियाच्या वाइनचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात आणि ते योग्यच आहे. गंमत बघा, पुढे हाच राउसे माँटिचेलोला जेफरसनच्या बागा सांभाळायला गेला.

राउसेने रुजवलं आणि तो पुढे गेला. त्याच्यामागून आणखीही इटालियन आले-गेले. १९९० मध्ये आला लुका पास्किना. आल्बाच्या नामांकित वाइनशाळेत शिकलेला. कामाची पाहणी करायला म्हणून आला आणि थांबला. त्याने काय केलं हे विचाराल तर पहिलं उत्तर फारसं चमकदार नाही : त्याने बाग उपटली. एकदम नाही, तुकड्यातुकड्याने, वर्षानुवर्षं. चुकीच्या जागेवरची जात काढ, दुसरी लाव, तीन-चार वर्षं थांब, मग घड चाखून ठरव. द्राक्षाच्या धंद्यात एक प्रयोग म्हणजे निम्मं दशक जातं, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या करारावर आलेल्या माणसाच्या आवाक्यातलं हे काम नव्हे.

त्या अष्टकोनी दिवाणखान्यावरून त्याने आपल्या मुख्य लाल वाइनला ‘ऑक्टॅगन’ नाव दिलं. पहिलं साल १९९१. मर्लो, कॅबर्ने फ्रांक, पती व्हेर्दो, कधी कॅबर्ने सोव्हिन्यों, असं फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाणांचं मिश्रण. एखाद्या वर्षी मनासारखं जमलं नाही तर त्या वर्षी ऑक्टॅगन निघतच नाही. ऐकायला सोपं वाटतं. घरातल्या सगळ्यात महाग मालाची विक्री एक वर्ष बंद ठेवायला मालकाला पटवून बघा, मग कळेल. अशी बाजू मांडायला मालकाशी जुना संबंध लागतो. नवख्याचं कोण ऐकतंय?

तो आला तेव्हा राज्यात वायनऱ्या मोजक्याच होत्या. १९७९ मध्ये तर अवघ्या सहा. १९८० साली शेतावरच्या वायनरीसाठी कायदा झाला आणि चित्र पालटलं. आज तीनशेच्या वर आहेत. २०२३ मध्ये ‘वाइन एन्थुझिअॅस्ट’ने शार्लट्सव्हिलच्या आसपासच्या माँटिचेलो विभागाला वर्षाचा सर्वोत्तम वाइन प्रदेश ठरवलं. हे श्रेय एका माणसाचं नाही. पण व्हर्जिनियाची वाइन वीस वर्षं मुरते का, असं कोणी विचारलं तर दाखवायला ज्या बाटल्या आहेत, त्यांत ऑक्टॅगन पुढे असते.

प्रश्न : ताई, आमच्याकडे गोडी छाटणीनंतर अवकाळी आला की डाउनीने (केवड्याने) रात्रीतून घड जातात. फवारण्या करून कंबर मोडते. तिकडे तर उन्हाळाभर पाऊस असतो म्हणे. मग तो इटालियन बाग टिकवतो कशी? काही शिकण्यासारखं असेल तर सविस्तर लिहा. — एक तरुण शेतकरी, तालुका निफाड

दादा, सविस्तरच लिहिते, कारण हा माझा विषय.

आधी हिशेब समजून घ्या. तुमच्याकडे पाऊस चार महिने आणि पीक मुख्यतः त्यानंतर. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे वेलीला फळ कधी लागावं ते तुम्ही कात्रीने ठरवता. व्हर्जिनियात ती सोय नाही. हिवाळ्यात वेल झोपते, छाटणी तेव्हाच, एकदाच. एप्रिलमध्ये डोळे फुटतात, मे-जूनमध्ये फुलोरा, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर काढणी. वर्षाचा साधारण ११०० मिलिमीटर पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो. म्हणजे तुम्ही ज्याला अवकाळी म्हणता तो इथे वेळेवरचा पाऊस. शिवाय जुलैची हवा कोकणासारखी दमट.

पिएमोंतेहून आलेल्या माणसाला यातलं काय ओळखीचं वाटलं असेल? हिवाळा, एप्रिलची फूट आणि दहिवराची भीती. बाकी दमटपणा, काळी कूज आणि सप्टेंबरातली चक्रीवादळं हे सगळं नवं.

काळी कूज तुमच्याकडे फारशी दिसत नाही, म्हणून सांगते. पानावर तपकिरी गोल डाग पडतो, कडा जरा गडद. भिंग लावून बघा, डागात काळ्या टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके गोलाकार बसलेले असतात. ते बुरशीचं घर. तिथून पावसाच्या शिंतोड्याबरोबर ती मण्यावर जाते. हिरवा मणी आधी ताकासारखा फिका होतो, मग तपकिरी, आणि आठवड्याच्या आत सुकून काळा, सुरकुतलेला, टणक. तो घडात तसाच लटकून राहतो आणि पुढच्या वर्षीचा रोग त्याच्यातच असतो. प्रयोगशाळेत असे मणी पाकिटातून यायचे आणि पाठवणारा हमखास विचारायचा, “हे उन्हाने झालंय ना?” नाही हो. हिवाळ्यात छाटणी करताना हे वाळलेले मणी तारेवरून काढून बागेबाहेर नेले नाहीत, तर उन्हाळ्यातली निम्मी फवारणी वाया. पण आळस सगळीकडे सारखाच.

आता बार्बर्सव्हिलचं. जमीन लाल, चिकण, लोहयुक्त. पण उताराची. उतारावर पाणी थांबत नाही आणि वसंतातली थंड हवा जड असल्यामुळे खाली ओघळून जाते. मर्लो लवकर फुटतं, त्याला खालचा सखल तुकडा दिला तर दहिवर पडलं की गेलं. म्हणून पहिला निर्णय जागेचा, आणि तो चुकला तर पुढे औषधाने भरून निघत नाही.

दुसरा निर्णय वाणाचा. सगळ्या जगात कॅबर्ने सोव्हिन्यों विकली जाते, म्हणून इथेही सगळ्यांनी लावली. ती उशिरा पिकते आणि नेमकी तेव्हाच सप्टेंबरची वादळं येतात. कॅबर्ने फ्रांक त्याआधी तयार होते. पती व्हेर्दोची साल जाड, मणी लहान, पावसात टिकाव धरते. बोर्दोत या पती व्हेर्दोला ताटातल्या लोणच्याएवढीच जागा असते. व्हर्जिनियात ती जेवणावर आली. हे काही कोणा एकाचं संशोधन नाही, सगळ्यांनी नुकसान सोसून शिकलेलं आहे. पण पास्किनाने ते ऑक्टॅगनमध्ये वर्षानुवर्षं वापरून दाखवलं.

तिसरा मुद्दा पानांचा, आणि हा तुम्ही उद्या करू शकता. घडाच्या उंचीवरची पानं सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढायची, दुपारच्या बाजूची ठेवायची. सकाळचं ऊन दव वाळवतं, दुपारचं ऊन मणी भाजतं. बुरशीला पानावर काही तास सलग ओलावा लागतो, तो मिळू द्यायचा नाही. मात्र ही उभ्या तारांच्या मांडणीतली गोष्ट आहे. तुमची वाय आकाराची मांडणी किंवा मांडव असेल तर डोक्यावरच्या छत्रीत हवा खेळेल एवढी विरळणी करा, पण घड उघडे टाकू नका. नाशिकचं फेब्रुवारीचं ऊन व्हर्जिनियासारखं दयाळू नाही.

आणि शेवटी काढणी. समजा, अटलांटिकवर वादळ तयार झालंय, चार दिवसांनी पाऊस येणार. घड अजून आठवडाभर कच्चे. आज काढले तर वाइन हिरवट, पातळ. थांबलो तर मणी पाणी पिऊन फुगतील, गोडी उतरेल, दाट घड आतून फुटून करडी बुरशी धरेल. अशा वेळी रिफ्रॅक्टोमीटर एवढंच सांगतो की साखर किती. वाइनमेकर मणी तोंडात टाकतो, साल चावून बघतो, बी काढून दातांखाली धरतो. हिरवी, चिवट बी असेल तर टॅनिन, म्हणजे साली-बियांतला तुरटपणा, अजून कडू आहे, तपकिरी होऊन कडकन तुटली तर चालेल. मग तुकड्यातुकड्याने ठरतं : हा उतार आज, तो वादळानंतर, पलीकडचा सरळ साध्या वाइनसाठी. २०११ आणि २०१८ ही इथली भिजकी सालं. त्या वर्षांत कोणी काय काढलं आणि काय सोडून दिलं, त्यावरून माणूस कळतो. उलट २०१० इतकं कोरडं आणि गरम होतं की तेव्हा वाइन चांगली न करणं अवघड होतं.

औषधांबद्दल मुद्दाम लिहीत नाही. तुमच्याकडचे नियम, निर्यातीचे रेसिड्यूचे, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचे, निकष वेगळे. त्यासाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं वेळापत्रक धरा, व्हर्जिनियाचं नको.

एक राहिलं. हे पानं काढणं, घड विरळणं, तुकड्यातुकड्याने तोडणं करतं कोण? तिथे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले लोक. तुमच्याकडे पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळ्या. वाइनमेकरवर लेख येतात, यांच्यावर येत नाहीत. ज्या बागेत तीच माणसं दरवर्षी परत येतात तिथे छाटणी सुधारत जाते, हे मी दोन्हीकडे पाहिलंय. तेव्हा टोळीच्या मुकादमाशी भाव करताना एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : आमच्या अकलूजजवळही इटालियन आहेत. फ्रातेल्ली वाइन्समध्ये पिएरो मासी नावाच्या तोस्कानाच्या वाइनमेकरने काम उभं केलं. तुमचा लुका मोठा की आमचा पिएरो? — एक वाचक, अकलूज

काका, कुस्ती लावू नका. पण पत्र आवडलं.

फ्रातेल्लीची जुळणी मुळातच मजेशीर आहे. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील, असे भावाभावांचे तीन संच. मासी आले ते तोस्कानातल्या कियांती या वाइनच्या भागातल्या दीर्घ अनुभवाची शिदोरी घेऊन. त्यांच्या देखरेखीखाली सोलापूर जिल्ह्यातल्या माळावर सांजोव्हेसे ही इटालियन लाल द्राक्षाची जात लागली, जी तोपर्यंत भारतात कोणी फारशी मनावर घेतली नव्हती. त्यांची ‘सेत्ते’ ही सांजोव्हेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्योंची. मला ती आवडते. थोडी वर्षं ठेवून उघडली तर जास्तच.

मोठं कोण ते सोडून देऊ, कोणापुढे काय वाढून ठेवलं होतं ते बघा. पास्किनाच्या वेली झोपत तरी होत्या. अकलूजला हिवाळाच नाही. वेल झोपत नाही, तिला सारखं वाढत राहायचं असतं. तोस्कानाच्या शाळेत याचं उत्तर नाही. ते उत्तर नाशिक, सांगली, सोलापूरच्या शेतकऱ्यांकडे आधीच होतं : दोन छाटण्या, एक पीक. शिवाय डॉगरिजसारखा क्षार सोसणारा खुंट. गंमत अशी की हा डॉगरिज मूळचा टेक्सासचा. म्हणजे जेफरसनच्या बागेला जी अमेरिकन मुळं मिळाली नाहीत ती निफाड-पंढरपूरला मिळाली. इटालियन वाइनमेकरने तिथे वाइन शिकवली असेल, पण वेल कशी वागवायची ते त्याला तुमच्याकडच्या माणसांकडूनच शिकावं लागलं असणार. व्हर्जिनियात शिकवायला असं कोणी नव्हतं, म्हणून तिथे वेळ जास्त लागला.

प्रश्न : नेब्बिओलो हौसेने मागवली, तर रंग कोकम सरबतासारखा! भेसळ तर नसेल? — एक वाचक, ठाणे

भेसळ नाही. नेब्बिओलोच्या सालीत रंग कमी आणि टॅनिन भरपूर. डोळ्याला फिकी दिसते आणि जिभेला चहाच्या उकळलेल्या पत्तीसारखी ओढते. पास्किनाने हे माहेरचं द्राक्ष व्हर्जिनियात लावलं तेव्हा शहाण्यांनी मान हलवली असेल, कारण ते लवकर फुटतं आणि फार उशिरा पिकतं. म्हणजे दहिवरही त्याच्याच वाट्याला आणि वादळही. धंद्याच्या हिशेबाने हा शुद्ध हट्ट. पण ती वाइन मी प्यायलेय, आणि हा हट्ट केला ते बरं झालं. वाळलेल्या गुलाबपाकळीचा वास येतो, मागून किंचित डांबराचा. तांबड्या रश्श्याबरोबर घेऊ नका, तिखटाने टॅनिन आणखी बोचतं. कमी तिखटाचं सुकं मटण करा आणि बाटली तासभर आधी उघडा.

प्रश्न : आम्ही बेदाण्याचं काम करतो. वाळवलेल्या द्राक्षांचीही वाइन होते असं ऐकलं. मग आमचा माल चालेल का? — एक वाचक, तासगाव

तुमचा चालणार नाही, पण पद्धत तुम्हाला लगेच समजेल. इटलीत वाळवलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनला पासितो म्हणतात. बार्बर्सव्हिलला पास्किनाने ती ‘पाक्सितो’ नावाने आणली, मस्कातो ओत्तोनेल आणि व्हिदाल या पांढऱ्या द्राक्षांपासून. घड तोडून रॅकवर पसरतात, वारा लागेल असे. पाणी उडतं, साखर आणि आंबटपणा दाट होतो. मग दाबून जो थोडासा रस निघतो तो आंबवायचा.

तुमच्या शेडमध्ये आणि तिथे दोन मोठे फरक आहेत. तुम्ही थॉमसन जातीचे घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून काढता, त्याने सालीवरचं मेण सुटतं आणि जाळीवर पंधरा-वीस दिवसांत काम होतं. वाइनसाठी डिपिंग चालत नाही, मेण तसंच ठेवायचं, म्हणून वाळायला फार जास्त वेळ. आणि तुम्ही फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात असता. तिथे काढणीनंतर दमट शरद सुरू होतो. एक मणी कुजला की शेजारचे धरतात, म्हणून रॅकवरून रोज नजर फिरवून खराब मणी वेचावे लागतात. तुमच्या घरच्या बायका बेदाणा निवडतात तेच काम, फक्त ओल्या मालावर. थॉमसनमध्ये वाइनला लागतो तो वास आणि आंबटपणा नाही. त्याचा बेदाणाच करा, त्याला तोड नाही.

प्रश्न : घरोघरी जाणाऱ्या मासिकात दारूवर सदर कशाला? २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा लोकांनी विरोध केला तो विसरलात का? — एक वाचिका, संगमनेर

विसरले नाही. काकू, ज्या घरात दारूने संसार मोडलाय तिथल्या बाईने हे पान उलटावं, माझी काही तक्रार नाही. पण वाइनचं द्राक्ष हे आपल्या जिल्ह्यांतलं पीक आहे, राज्याने २००१ मध्ये त्यासाठी धोरण केलं, आणि त्यावर शेतकरी मला प्रश्न विचारतात. त्यांना उत्तर देणार. सुपरमार्केटच्या वादात मी तेव्हाही कुठल्या बाजूला नव्हते. शेतकऱ्याचा त्यात किती फायदा झाला असता, हे मला कोणी आकड्यांत पटवून दिलं नाही.

प्रश्न : मुलगी मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झालीय. म्हणते वाइनमेकर व्हायचंय. आम्हाला यातलं काही कळत नाही. पाठवावं का, आणि कुठे? तुमच्या त्या लुकासारखं परदेशात जाऊन नाव कमावता येईल का? — एक आई, नाशिक

ताई, नाव नंतर. आधी पाय भिजवायची तयारी आहे का ते विचारा.

आल्बाची जी शाळा पास्किनाने केली ती १८८१ सालची आहे. तिथे पोरं कोवळ्या वयात बाग, तळघर आणि प्रयोगशाळा एकत्र शिकतात. आपल्याकडे तशी शाळा नाही, पण तुमच्या मुलीची मायक्रोबायॉलॉजी हा चांगला पाया आहे. यीस्ट काय करतं आणि बिघाड कोणत्या जिवाणूने होतो, हे तिला आधीच कळतं. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइनचं शिक्षण मिळतं, चौकशी करा. पण त्याआधी तिला जानेवारी ते मार्च नाशिकच्या एखाद्या वायनरीत हंगामाच्या कामाला लावा. पगार थोडा असेल. टाक्या धुणं, पाइप ओढणं, दर काही तासांनी तापमान आणि साखर लिहून ठेवणं, सालीचा थर खाली दाबणं, रात्री दोनला ट्रक आला तर उठणं. वाइनमेकिंगचा बहुतेक भाग म्हणजे धुणं-पुसणं. ते करूनही मार्चमध्ये तिचं मन तसंच असेल, तर परदेशाचा विचार करा. दक्षिण गोलार्धात हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, उत्तरेत ऑगस्ट ते ऑक्टोबर, त्यामुळे तरुण मुलं वर्षाला दोन हंगाम करतात आणि लवकर शिकतात.

परदेशात राहायचं की परत यायचं ते तिला तेव्हा ठरवू द्या. बाहेरच्या माणसाला एखाद्या प्रदेशात किंमत येते ती तो तिथले वाईट हंगाम सोसून थांबला तर, आणि तसं थांबणं प्रत्येकाच्या नशिबात किंवा स्वभावात नसतं. मुलीबाबत व्हिसाचं गणितही असतंच.

एक गोष्ट मात्र तिला पाठवण्याआधी वायनरीला स्पष्ट विचारा : आंबवण्याच्या टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी हवा तपासायचं यंत्र तुमच्याकडे आहे का? रस आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी साचतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. जगभरात दर हंगामात असे लोक जातात. यंत्र नाही म्हणाले, किंवा “आमच्याकडे मेणबत्ती सोडून बघतात” म्हणाले, तर दुसरी वायनरी शोधा. नाशिकमध्ये पुष्कळ आहेत.